माणसं नव्हे, डोकी!

वस्तीत तिला सगळे टोचणीबाई म्हणत. लहान मुलं तिला पाहिलं की खाटेखाली दडत, आणि तिला त्याचं भारी कौतुक वाटे. वस्तीच्या दवाखान्यात नर्स ती एकटीच. हसणं मोठं, राग त्याहून मोठा.

दुखणं एकच. लस कधी पुरायची नाही. मागच्या जनगणनेत इथे लहान मुलं जेमतेम दिसली होती, आणि त्याच हिशेबानं वरून पेटी यायची. गेल्या खेपेला शिंप्याची सून तान्ह्या लेकीला घेऊन रांगेत शेवटी उभी होती. तिच्या आधीच्या बाळापाशीच लस संपली. "पुढच्या वेळी ये गं," एवढं म्हणताना टोचणीबाईला मान वर करवेना. सून निमूट परत गेली, तेच जास्त लागलं.

म्हणून यंदा मोजणी आली तशी बाईच्या पायाला भिंगरी लागली. मोजायला शाळेतले मास्तर आले होते. ती त्यांच्याबरोबर निघाली, खरं तर पुढेच. पहिलं घर गवंड्याचं.

"घरात माणसं किती?" मास्तरांनी विचारलं.

"चार."

मास्तर लिहिणार, तेवढ्यात गवंड्याच्या पाठीमागून दोन शेंबडी नाकं डोकावली.

"आणि हे दोघं कोण? पाहुणे?" बाईनं विचारलं.

"ही होय? ही पोरं आहेत हो! मास्तरांनी माणसं विचारली ना?"

टोचणीबाईनं कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. अहो, ती स्वतः तरी घरी काय म्हणायची? जेवायला चार माणसं आणि दोन पोरं! इतकी वर्षं वस्ती सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत होती, आणि पोरं मात्र मोजणीतून गळत होती.

"मास्तर, माणसं नाही, डोकी विचारा!" ती ओरडली, आणि गल्लीभर तेच ओरडत सुटली.

मग काय, वस्तीला चेवच आला. दूधवाल्यानं परगावच्या भावाचं अख्खं कुटुंब घुसडलं. एका आजीनं स्वर्गवासी आजोबांनाही पुढे केलं.

"आजोबांना लस टोचू कुठे?" बाई कडाडली. "खोटं एकही डोकं नको! भाऊ तिकडे मोजला जाईल. आपण थापा मारल्या तर खऱ्या पोरांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

आजी हिरमुसली, पण आजोबा वगळले गेले.

शेवटी शिंप्याचं घर आलं. मास्तरांनी आता बरोबर विचारलं.

"डोकी किती?"

गळ्यातली टेप सावरत शिंपी तोंड उघडणार, तोच सून लेकीला कडेवर घेऊन पुढे झाली. "पाच. आधी हिला लिहा."

"नाव?"

"अजून ठेवलं नाही."

मास्तरांचा पेन थांबला. टोचणीबाई लगेच मध्ये पडली.

"नाव नसलं म्हणून काय झालं? ती आहे ना!"

"अहो बाई, लिहितोच आहे," मास्तर हसून म्हणाले. "मुलगी. वय एक वर्षाच्या आत."

"लिहिलं?" सुनेनं विचारलं.

"लिहिलं."

मग सून बाईकडे वळली. "आता हिला परत पाठवायचं नाही हं."