टेबलावरचं वजन

लिहायच्या टेबलाची फळी भक्कम व्हावी म्हणून प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले. डिंक वाळेपर्यंत वर वजन हवं. गव्हाचा डबा ठेवला, पाटा-वरवंटा ठेवला. शेवटी आईची लोखंडी ट्रंक. आई होती तोवर तिला हात लावू द्यायची नाही. “जड आहे रे, कंबर धरेल,” म्हणायची.

मी आणि बायकोने जोर लावून उचलली, तर ती इतकी हलकी की दोघांचाही तोल गेला.

“रिकामी आहे की काय?” बायको म्हणाली.

मग आई काय जपत होती? काही कळेना. कडीला कुलूपही नाही, नुसता खिळा अडकवलाय, तरी हात धजत नाही.

डिंक कधीच वाळला. डबा, पाटा जागेवर गेले. ट्रंक अजून टेबलावरच आहे. मी लिहायला जमिनीवर बसतो.