लेकरू आल्यावर पिक्चर लावू

कंडक्टर बेल मारायला हात वर करून उभा, आणि आमचे अण्णा एसटीच्या खिडकीतून मला काय सांगत होते, तर, "पिक्चर तू आल्यावरच लावू." तब्येतीला जप, पोहोचल्यावर फोन कर, यातलं काही नाही. लातूरहून चाकणला कंपनीत निघालेल्या पोराला निरोप द्यायची ही काय पद्धत झाली राव! पण आमच्या घरात तीच बरोबर होती.

दिवाळीच्या पाडव्याला फराळ झाला की आमच्याकडे एकच जुना विनोदी पिक्चर लागायचा. दरवर्षी तोच. आधी भाड्याच्या व्हिडिओवर, मग सीडीवर. सगळे जमल्याशिवाय लावायचा नाही, हा अण्णांचा नियम. त्यातलं सोळा वर्षांचं दहावी नापास पोरगं शहरात नोकरी मागायला जातं. मोठं दिसावं म्हणून काजळाची मिशी काढतं आणि साहेबासमोर घामानं ती मिशी ओठावर उतरते. अण्णा तिथं मांडीवर थापा मारत हसायचे. आईला म्हणायचे, आता बघ, आता बघ. जसं काही तिनं कधी बघितलंच नव्हतं.

चाकणला काँट्रॅक्टरनं मला अनुभव विचारला. चुलतभावाच्या शर्टात घामाघूम होऊन मी "दोन वर्षं" म्हणालो. मशीन लांबूनसुद्धा पाहिली नव्हती. बाहेर आल्यावर हात आपोआप ओठावर गेला आणि मी एकटाच खदखदून हसलो. तो पिक्चर जुना का होत नाही, ते मला तिथं गेटवर कळलं. घर सोडलेल्या प्रत्येकाला कसली ना कसली मिशी काढावीच लागते. आमच्या लाइनवरची नवी पोरं, तो पिक्चर आला तेव्हा जन्मलीही नव्हती, पण चहाच्या सुट्टीत मोबाइलवर तोच सीन लावून हसतात.

पुढं परमनंट झालो, लग्न झालं, रहाटणीत फ्लॅट घेतला. पिक्चर तोच राहिला, माझं बघणं बदललं. हल्ली नजर त्या पोराकडं जातच नाही. ती जाते स्टँडवर पिशवी धरून उभ्या असलेल्या त्याच्या बापाकडं. तो सबंध पिक्चरभर एक अक्षर बोलत नाही. लहानपणी तो तिथं आहे हेसुद्धा मला दिसलं नव्हतं.

आई गेल्यावर अण्णांना इकडं आणलं. तोवर त्यांना विसर पडायला लागला होता. आधी रस्ते गेले, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी दाखवत जा. मला लगेच पिक्चर आठवला आणि जीव हरखला. वाटलं, मिशी उतरली की अण्णा हसतील, मांडीवर थाप मारतील आणि मला नावानं हाक मारतील. एक हाक हवी होती मला, दुसरं काही नाही.

रविवारी दुपारी टीव्हीवर लावला. नावं सुरू झाली तशी अण्णांनी माझा हात धरला.

"बंद करा ओ. आमचं लेकरू यायलंय चाकणहून. त्याच्याबिगर आम्ही लावत नसतो."

बापानं मला अहो-जाहो केलं. अण्णा, मीच तो, असं सांगितलं, तर कुणा परक्याची समजूत काढावी तसे हसले. मग काय सुचलं कोण जाणे, मी पाठीला बॅग अडकवून बाहेर गेलो आणि बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं. तिच्याकडं बघवेना. आत येऊन अण्णांच्या पाया पडलो, म्हणालो, "अण्णा, आलो."

त्यांनी सरकून मला जागा दिली. "या, बसा. येईलच तो आता. शिफ्ट सुटली नसंल."

पिक्चर अजून लागलेला नाही. गावाकडची मंडळी फोनवर विचारतात, घरी कधी येतोस? काय सांगू त्यांना? तिकडं कुलूप आहे. मी रोज कामावरून येतो, हातपाय धुतो आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसतो. ते दाराकडं बघत असतात. हल्ली मीही बघतो. आता घर कुठलं म्हणाल, तर हेच. आम्ही दोघं इथं बसून माझी वाट बघतो.