फ्लेक्सवरची रिकामी चौकट

मी कुवेतला निघालो तेव्हा बाबा मला सोडायला भुसावळ स्टेशनवर आले होते. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चालू लागले आणि म्हणाले, "भाऊ, तिकडे नाव विचारतील. पुटपुटू नको. ठणकावून सांग."

त्याला कारण होतं. आम्ही मराठी ख्रिस्ती. घरात मराठी, प्रार्थनेत मराठी, भांडणात तर फारच मराठी, आणि आडनाव पार्कर. बाबांचे आजोबा जॉर्ज पार्कर रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. रेल्वे कॉलनीतल्या बंगल्यावर आया असलेल्या सखूशी त्यांनी लग्न केलं, असं घरात सांगतात. मला त्याची नोंद मिळालेली नाही. मुलगा पाळण्यात असताना ते रजेवर विलायतेला गेले. ती रजा अजून संपलेली नाही.

कुवेतला मी नाव ठणकावून सांगितलं. उपयोग झाला नाही. अरबीत 'प' नाही, त्यामुळे बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, मी बारकर झालो. मराठी मंडळाच्या जेवणात शुऐबाच्या कारखान्यातला एक मालवणी वेल्डर भेटला. त्याचं आडनाव पारकर. "खयचे पार्कर? पारकर म्हणा. आमचेच तुमी. चवथीक येवक व्हया!" मी ख्रिस्ती आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मगे नाताळाक आमी येतलंव." आणि दरवर्षी येतो.

बताक्यावर आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं आणि मग कुळाचं, असं सगळं लागतं. इथे माणूस म्हणजे बापांची साखळी. माझ्या साखळीची वरची कडी इंग्लंडमध्ये होती, आणि ती शोधायला मला दर शुक्रवारची सुट्टी होती.

आठवडाभर मी शुवैखमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामाचे हिशोब बघतो. शुक्रवारी इंग्लंडची जनगणना बघतो. तिथे ती दर दहा वर्षांनी होते आणि शंभर वर्षांनी सगळ्यांना खुली होते. कॉम्प्युटरवर तिची सूची असते: नाव, वय, जन्मगाव, धंदा. गावोगावच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींचीही अशीच सूची असते. त्यात जॉर्ज पार्कर शोधणं म्हणजे जळगाव जिल्ह्यात पाटील शोधणं. म्हणून मी एक नियम केला. नाव जुळलं म्हणजे काहीच जुळलं नाही. शिवाय धंदा जुळला पाहिजे, आणि घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलेली जन्मतारीखही. जनगणनेत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, तेवढी सूट मी देतो. जास्त नाही.

यंदा बाबांना पंच्याऐंशी पूर्ण झाली. नाशिकच्या चुलतभावाने, दिलीपने, वाढदिवसाला फ्लेक्स करायचं ठरवलं: वंशवृक्ष, मागे वाफेचं इंजिन, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'जॉर्ज पार्कर, डर्बी, इंग्लंड'. हा डर्बीचा जॉर्ज मीच त्याला दाखवला होता. इंजिन ड्रायव्हर होता हे खरं, पण वयात सहा वर्षांचा फरक.

"तू फक्त हो म्हण," दिलीप फोनवर म्हणाला. "तू आकडेवाला. तुझ्यावर काकांचा विश्वास आहे."

"सहा वर्षं कमी पडतात, दिलीप."

"अरे, सहा वर्षांचं काय घेऊन बसलास? आपल्या आत्याने बारा चोरलीत!"

"त्याला तिथे बायको आहे. चार मुलं आहेत."

"मग काय झालं? आपण पाचवे!"

मी हसलो, पण हो म्हटलं नाही. हिशोबात ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. कुठल्यातरी सोयीच्या खात्यात ढकलली तर ताळेबंद लगेच जुळतो, ऑडिटर खूश होतो, आणि त्या दिवसापासून तिचा धनी कोणी शोधत नाही. फ्लेक्सवर जागा आहे म्हणून पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला परका आजोबा देणं मला मान्य नव्हतं.

मग दिलीपने पाठवलेलं चित्र मी मोठं करून पाहिलं. जॉर्जच्या खाली बारीक अक्षरांत होतं, 'पत्नी: स्थानिक महिला'.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आमच्यात ज्या बाईचं नाव सगळ्यांना पाठ आहे, ती स्थानिक महिला? मी इतकी वर्षं परदेशात परका म्हणून राहतोय, स्थानिक असणं काय चीज आहे ते मला विचारा. इंग्लंडच्या कुठल्याही सूचीत सखू सापडणार नाही, कारण ती कुठे गेलीच नाही. दुसऱ्यांची मुलं सांभाळून तिने स्वतःचं वाढवलं, मिशनच्या शाळेत घातलं, आणि निघून गेलेल्या माणसाचं आडनाव मुलाच्या नावापुढे टिकवलं. आज आम्ही पार्कर आहोत ते जॉर्जमुळे नाही, सखूमुळे.

मी दिलीपला सांगितलं, "वर सखूबाई लिही. शेजारची चौकट रिकामी ठेव."

"रिकामी? लोक हसतील रे!"

"हसू देत."

"मग काकांना तूच सांग."

बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे मी ते ओरडूनच सांगितलं: एक सापडलाय, पण तो आपलाच आहे अशी खात्री मी देणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आजीचं नाव आहे ना वर?"

"आहे."

"मग राहू दे त्याची जागा मोकळी. यायचंच असतं, तर आपला पत्ता काही बदललेला नव्हता."

मी फोन ठेवला आणि गाडी काढून अहमदीला गेलो. तेलकंपनीसाठी इंग्रजांनी वसवलेलं गाव. बैठे बंगले, कुंपणं, रांगेतली झाडं. थेट आमची रेल्वे कॉलनी. वसवणारे इथूनही निघून गेले. झाडांना पाणी घालत होता एक तेलंगणाचा माळी.

फ्लेक्स लागला. इंजिन दिलीपने सोडलं नाहीच, पण वर सखूबाई आहे आणि शेजारी पांढरी चौकट. मी शोधणं थांबवलेलं नाही. दर शुक्रवारी बसतो, जुळलं तर लिहीन. नाही जुळलं तर नाही.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले ते विचारतात, आता घर कुठलं? जे माझ्यासारखे निघाले ते विचारत नाहीत, कारण त्यांनाही उत्तर द्यावं लागेल. मी देतो. ज्या घराने आपला पत्ता बदललेला नाही, ते माझं घर. इथला इकामा, म्हणजे राहायचा परवाना, एक दिवस संपणार आहे. त्या दिवशी मी भुसावळला उतरेन आणि विचारणाऱ्याला नाव ठणकावून सांगेन. रजेवरून परत आलेला पहिला पार्कर.