एका खोलीपुरती बॅटरी

आक्का गेल्याचं आम्हाला दोन शब्दांत कळलं. सकाळी चहाच्या वेळी यांचा फोन वाजला. थोरल्या दिरांचं, आप्पांचं नाव होतं. दोघे सख्खे भाऊ एकाच घरात राहतात, आप्पा तळमजल्यावर आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. पण जमिनीच्या वाटणीनंतर आप्पांनी यांना कधी फोन केला नव्हता. "खाली ये," एवढंच ते म्हणाले. आम्ही उतरलो. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, झोपेतच गेल्या होत्या.

जावेवर कोणी लिहीत नाही. जावांनी भांडायचं असतं, असा आपल्याकडे सर्वांचा समज, आणि आम्हीही त्यात कसूर केली नाही. मी नारायण पेठेत वाढलेली, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. आक्का हडपसरच्या मळ्यात राबलेल्या, टेम्पोत भाजी घालून पहाटे मार्केट यार्ड गाठणाऱ्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी एका पाहुण्यांना "चहा घेणार का?" असं विचारलं, तर आक्कांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "तुमच्या पेठेत इचारत्यात व्हय? चहा इचारायचा नसतो, टाकायचा असतो." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमची 'मास्तरीण' झाले.

मळ्याच्या जागी हे तीन मजली घर उभं राहिलं आणि चुली तीन झाल्या. सर्वांत वर आक्कांचा मुलगा सचिन आणि त्याचं कुटुंब. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण चपला शोधायला लागायचा. आक्कांना ते फार लागायचं. "एका ताटात जेवल्यात ही दोघं," असं म्हणून त्या कामाला लागायच्या. बाकी कशावरही भरभरून बोलणारी ही बाई यावर मात्र एवढंच बोलायची.

अशात सचिनने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि वळवाचा वारा सुटला की वार पाहून जात नाही. त्यामुळे बॅटऱ्या हव्याच होत्या, आणि त्या किती, हा हिशेब अर्थातच माझ्याकडे आला. काम तसं सोपं असतं. वीज नसताना काय काय चालवायचं, किती वेळ चालवायचं, ते मांडायचं. ढगाळ दिवसांची तरतूद करायची. शिशाची बॅटरी पार रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून गरजेच्या दुप्पट धरायची. मी तिन्ही मजल्यांचं सगळं मांडून ठेवलं. दुपारी आक्का वर आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मास्तरीण, ही बॅटरी कुणाकुणाला पुरंल?"

"सगळ्यांना. ढग आले तरी."

"मग कमी कर. माज्या मधल्या खोलीपुरती काढ. दोन पंखे, दोन दिवे. टीव्ही नको, टीव्ही असला की समदी तिकडं तोंड करून बसत्यात."

"अहो आक्का, आणि आम्ही वर उकाड्यात बसायचं?"

"वर कशाला बसता? खाली या की." मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "लाईट गेल्यावर तरी या..."

पुरेल अशी बॅटरी कशी काढायची, हे मी शिकलेय. कमी पडेल अशी काढायची वेळ पहिल्यांदाच आली. मी काढली. सचिनला सांगितलं, सध्या एवढीच बसवू. त्याला काही ते पटेना. पण आक्कांचा माझ्या एकटीवर भरवसा नसावा. बसवणारे आले त्या दिवशी बॅटऱ्यांसाठी ठरलेली जिन्याखालची जागा, एक बॅटरी मावेल एवढी सोडून, कांद्याच्या पोत्यांनी भरलेली! "जागाच न्हाई बाबा, कांदा कुटं ठिवू?" सचिन कपाळावर हात मारून घेत होता आणि मी मात्र हसू आवरत खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या गुरुवारी आम्ही घामाघूम होऊन खाली उतरलो. हे दाराशी टेकले, तोंड अंगणाकडे. "त्याला म्हणावं, आत सरक, वारा लागंल," आप्पा आक्कांना म्हणाले. सुरुवात अशी आक्कांमार्फतच झाली. पुढे कधीतरी कालव्याच्या पाण्याची पाळी लहानपणी कोणी चुकवली, यावरून दोघांची थेट जुंपली, आणि आक्का भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. वीज परत आली की जिन्याखालच्या इन्व्हर्टरमधून टक् असा आवाज यायचा. तो आक्का बरोबर हेरायच्या. कोणी उठायच्या आत म्हणायच्या, "बसा, चहा टाकलाय." तेव्हा गॅस पेटलेलाही नसायचा.

आक्कांचा महिन्याचा विधी झाल्यावर सचिन म्हणाला, "काकू, आता जरा मोठी घेऊ. तिन्ही मजल्यांना पुरेल अशी." मी "बघू" म्हणाले. माझ्या मनात वेगळीच धास्ती होती. महिनाभर घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पण आक्का नाहीत, आता वीज गेली तर त्या खोलीत कोण येणार? आणि कोणी येणार नसेल, तर मी ती बॅटरी लहान ठेवायची तरी कशासाठी?

गेल्या गुरुवारी वीज गेली. पंखा थांबला. हे कोचावर तसेच पडून राहिले. घाम मानेवरून ओघळत होता. मग यांचा फोन वाजला.

"खाली ये," आप्पा म्हणाले. "वर उकडत आसंल."

आम्ही उतरलो. आक्कांची स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. घरूनच काम करणारा सचिन मुलांना घेऊन आला. "काकू, मोठ्या बॅटरीचं काय ठरलं?" त्याने विचारलं.

"जागा नाही रे," मी म्हणाले. "कांदा कुठे ठेवायचा?"

आप्पांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना सगळं ठाऊक होतं... कदाचित पहिल्या गुरुवारपासून. त्यांनी शेजारची उशी उचलून यांच्याकडे सरकवली. "टेक नीट," म्हणाले. हे टेकले.

तेवढ्यात जिन्याखाली टक् झालं.

मी उठले आणि कोणालाही न विचारता चहा टाकला.