गोटीराम तात्यांच्या गाडीचं फाउंडेशन

समजा, तुमच्या अंगणात एक गाडी उभी आहे. दोन दारं, दोनच सीट, कापडाचं छत मागे दुमडणारं. इतकी बुटकी की शेजारचं वासरू तिच्यावरून आरामात पलीकडे बघतं. लाल रंग उन्हाने उडून गुलाबीकडे झुकलेला. गाडी जुनी आहे, दुसऱ्याने वापरलेली आहे, पण बनवताना ती वेगासाठीच बनवलेली आहे. तिच्यात काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे तुम्हाला ठरवायचं आहे. टायर, ब्रेक, सायलेन्सर, स्प्रिंगा, सीट. बोनेट उघडा, वाका, चावी फिरवा आणि कान द्या. गाडीचं निम्मं दुखणं कानालाच कळतं.

आता दोन्ही कानांत कापूस घाला, वरून उशी दाबून धरा आणि पुन्हा ठरवा.

मखमलाबादचे गोटीराम तात्या गेलं वर्षभर हे असंच ठरवत होते.

तात्या फुलं पिकवणाऱ्या घरातले. शेवंती, निशिगंध, आणि पॉलिहाऊस उभं राहिल्यापासून जरबेरा. तरुणपणी ते मोटरसायकलला मागे फुलांच्या पाट्या बांधून देवळाली कॅम्पला द्यायला जायचे. अशाच एका सकाळी लॅम रोडवर, दुतर्फा वाढलेल्या मोठ्या झाडांखाली, मागून एक आवाज आला. आधी खर्जात, मग हळूहळू चढत गेलेला, आणि वळण आलं तसा कुणीतरी हलकेच सोडून दिलेला. तात्यांनी मोटरसायकल बाजूला घेतली. लाल गाडी निघून गेली. आवाज मात्र झाडांच्या बोगद्यात बराच वेळ राहिला, असं ते सांगतात. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, रंगूबाईंना, सांगितलं की आज एक गाडी गाताना ऐकली. रंगूबाईंनी विचारलं, फुलं पोचवली का गाणंच ऐकत बसले.

पुढे तात्यांचे कान जायला लागले. आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटी, मग कुकरची शिट्टी, मग रंगूबाईंचं स्वयंपाकघरातून बोलणं. तात्या म्हणत, जाताना बारीकसारीक सामान आधी गेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा कान संपला आहे, उजवा काही काळ साथ देईल, किती ते सांगता येत नाही. कानाचं मशीन आलं. ते लावलं की समोरच्याचं बोलणं कळायचं, पण बाकी सगळं जग पत्र्याच्या डब्यात ओतल्यासारखं वाजायचं.

आणि नेमकं तेव्हाच कॅम्पातल्या एका बंगल्याबाहेर त्यांना ती लाल गाडी दिसली, ताडपत्रीखाली, चाकं बसलेली. मालक म्हातारे झाले होते, मुलीकडे राहायला निघाले होते. तात्यांनी गाडी घेतली. गावात हसण्याचा एक हंगाम त्यावर निघाला. पाट्या कुठं ठेवणार, मळ्यातल्या रस्त्याला पोट घासणार नाही का, तात्यांना आता पोरगी पटवायची आहे का. तात्यांना यातलं बरंचसं ऐकू आलं नाही, आणि जे आलं त्याला ते हसले. घरच्यांना मात्र त्यांनी सरळ सांगितलं. उजवा कान आहे तोवर त्यांना तो आवाज पुन्हा एकदा नीट ऐकायचा होता. बाकी त्या गाडीकडून काही नको होतं.

त्यांची मुलगी वैष्णवी डिप्लोमा झालेली. अंबडच्या एका कारखान्यात मशिनांची थरथर मोजण्याचं तिचं काम. थरथर वाढली की कुठेतरी काही झिजलंय, असं समजायचं आणि शोधायचं. तिने सुरुवातीलाच बापाला सांगून टाकलं की आवाजाचं नंतर, आधी गाडी थांबली पाहिजे. टायर वर्षानुवर्षं उभ्याने दगड झाले होते. ब्रेकचे पाइप तडकले होते. इंजिनाचे पट्टे बोटाने सोलून निघत होते. हे सगळं बदललं. मग तिने दोन्ही दारांना मोठे आरसे लावायला सांगितले. मागचा हॉर्न ऐकू येणार नाही, तर मागचं दिसलं तरी पाहिजे. तात्यांनी थोडी कुरकुर केली, कारण आरशांमुळे गाडीला गाढवाचे कान आल्यासारखे दिसत होते. पण लावू दिले.

आवाजाचं काम तात्यांच्या भाच्याचा मित्र सनी याने अंगावर घेतलं. पेठ रोडला त्याचं गाड्या सजवायचं दुकान आहे. त्याला मागे पंख, खाली निळे दिवे आणि डिकीत स्पीकर असं सगळंच लावायचं होतं. तात्यांनी फक्त सायलेन्सरचं विचारलं. सनी खूश झाला. म्हणाला, असा लावतो की पंचवटीत चावी मारली तर सातपूरला चहाचे कप हलतील. वैष्णवीने पोलिसांची आठवण करून दिली, तेव्हा तो म्हणाला की फक्त मळ्यात लावून बघू, आवडला तर पुढचं पुढं.

मळ्यात लावून बघितला. गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. रंगूबाई पदर कानाला लावून पडवीत उभ्या राहिल्या. तात्या मशीन काढून, उजवा कान मागे वळवून सीटवर बसले होते. सनी त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि ते तोंड हळूहळू मिटत गेलं. त्यांनी हात वर करून बंद करायला सांगितलं.

"आला का आवाज?" सनीने ओरडून विचारलं.

"आला की. तुझा आत्ता आला तसाच आला," तात्या म्हणाले. "लोक माझ्याशी वरडून बोलतात ना, तसं. वरडल्यावर शब्द मोठा होतो रे, पण समजत नाय."

सनीला राग आला नाही. त्याने संध्याकाळपर्यंत जुना सायलेन्सर परत बसवून दिला आणि निळ्या दिव्यांचं काही बोलला नाही.

त्यानंतरचे काही आठवडे तात्या सकाळी फुलं गेली की गाडी काढायचे आणि गंगापूर धरणाच्या बाजूला फेरी मारून यायचे. एक हात स्टीअरिंगवर, दुसरा गिअरच्या दांडीवर. गिअर बदलायचा नसला तरी हात तिथंच. परत आल्यावर ते इंजिन लगेच बंद करायचे नाहीत. लिंबाखाली गाडी उभी करून, डोळे मिटून, दांडीवर तळवा ठेवून बसून राहायचे. रंगूबाई म्हणायच्या, बघा, समाधी लागली. कुणी विचारलं की आवाज ऐकू येतो का, तर तात्या म्हणत, थोडा थोडा, लांबून. म्हणजे कुठून, असं कुणी विचारलं नाही.

गाडी मात्र थरथरत होती. आतला आरसा इतका हलायचा की मागची बस दोन-दोन दिसायची. वैष्णवीला ते सहन होईना. ती गाडी देवळाली कॅम्पला यादव मिस्त्रींकडे घेऊन गेली. हीच गाडी त्यांनी जुन्या मालकाकडे असताना सांभाळली होती. मिस्त्रींनी खाली टॉर्च मारला आणि फाउंडेशन गेलंय म्हणून सांगितलं. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवत नाहीत, मध्ये जाड रबरं असतात. गॅरेजमध्ये त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिनाची थरथर ती पिऊन टाकतात. या गाडीची रबरं चिरून, दबून, पापडासारखी झाली होती. एखादं कधी तुटेल याचा नेम नव्हता. नवी मागवली, बसवली. वैष्णवीने चालवून बघितली. आतला आरसा तळ्यातल्या पाण्यासारखा स्थिर. ती फार खूश होती.

दुसऱ्या दिवशी तात्या चालवायला बसले, ती शेजारी. मखमलाबाद नाक्याला सिग्नल लागला. गाडी थांबली. तात्यांनी दांडीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी चावी फिरवली.

इंजिन चालूच होतं. चालू इंजिनावर स्टार्टर फिरला की दात घासल्यासारखा आवाज येतो, तसा आला. शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. तात्यांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा चावी फिरवली. वैष्णवीने त्यांचं मनगट धरलं.

"बंद पडली," तात्या म्हणाले.

"चालू आहे, तात्या."

"नाय गं. मेली ती."

सिग्नल सुटला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, वैष्णवीने हाताने त्यांना बाजूने जायला सांगितलं. तात्या रिकाम्या दांडीकडे बघत होते. इतके दिवस ते कुठून ऐकत होते, हे त्या नाक्यावर तिला समजलं.

गाडी घरी आली आणि ताडपत्रीखाली गेली. तात्यांनी तक्रार केली नाही. जुनी रबरं परत बसवा असंही म्हणाले नाहीत, कारण ती तुटली तर काय होईल ते वैष्णवीने चित्र काढून समजावलं होतं. ते कधी कधी ताडपत्री बाजूला सारून, गाडी बंद असतानाच आत बसायचे. गाडी घेतली होती, चांगली दुरुस्तही झाली होती, आणि ज्याच्यासाठी घेतली तेवढंच तिच्यातून निघून गेलं होतं. त्याच दरम्यान उजव्या कानाची तपासणी झाली आणि ती चांगली आली नाही.

वैष्णवी कामावर मशिनाला सेन्सर लावत होती. थरथर मोजायचा सेन्सर कडक, सपाट जागेवर घट्ट आवळून लावतात. मध्ये रबर, कापड, रंगाचा जाड थरसुद्धा ठेवायचा नसतो, नाहीतर मशीन सांगतं काही आणि सेन्सरला कळतं काही. हे तिने नव्या मुलांना किती वेळा शिकवलं असेल. त्या दिवशी शिकवता शिकवता ती मध्येच थांबली, पाना खाली ठेवला आणि बाहेर जाऊन यादव मिस्त्रींना फोन लावला. कडक फाउंडेशन मिळतं का?

मिस्त्रींनी मिळतं म्हणून सांगितलं. रेस लावणारे लावतात, रबराच्या जागी कडक प्लास्टिकसारखं काही असतं, तुटत नाही. पण घरच्या गाडीला कुणी लावत नाही. "बाई, सगळी गाडी हातात येईल," ते म्हणाले. "दार, सीट, पायाखालचा पत्रा, सगळं बोलेल. लोक माझ्याकडे ते बंद करायला येतात."

"आम्हाला ते चालू करायचंय," वैष्णवी म्हणाली.

रंगूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधीच जाहीर केलं की त्यांची कवळी त्या गाडीत बसणार नाही, आणि कवळी नाही तर त्याही नाहीत.

कडक फाउंडेशन लागलं त्या वेळी भात कापणी चालू होती. बापलेक सकाळी इगतपुरीच्या बाजूला निघाले, वैतरणेच्या रस्त्याने. छत दुमडलेलं. खाचरांवर धुकं बसलं होतं आणि कापलेल्या भाताच्या पेंढ्या त्यातून बेटांसारख्या वर आल्या होत्या. गाडी खरंच सगळीकडून बोलत होती. वैष्णवीच्या पायाच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या, तिच्या चष्म्याची काडी गालावर गुणगुणत होती. आतला आरसा पुन्हा काही कामाचा राहिला नव्हता. दारावरच्या मोठ्या आरशांत मात्र रस्ता स्वच्छ दिसत होता.

तात्यांनी मशीन खिशात ठेवलं होतं. चढ आला की ते गिअर एक खाली घ्यायचे आणि दांडीवरची मूठ सैल करायचे, पाखरू धरावं तशी. चढ संपताना पाय अलगद उचलायचे. पुन्हा चढ, पुन्हा तसंच. ते रस्त्यावरून जात होते की रस्ता त्यांच्या तळहातातून जात होता, बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. धरणाचं पाणी दिसलं तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवलं. पाणी आणि धुकं यांच्यात कुठे रेघ नव्हती, आणि एक बगळा त्या नसलेल्या रेघेवर उभा होता.

तात्यांचे डोळे ओले होते. वैष्णवीने खुणेने विचारलं, आला?

त्यांनी मान हलवली. मग थोडा वेळ विचार करून तिचा हात धरला आणि दांडीवर ठेवला. दुसऱ्या हाताने तिच्या कानाकडे बोट दाखवलं. तिला कळलं. तिने एक कान खांद्यावर दाबला, दुसऱ्यात बोट घातलं, आणि तशी वाकडी बसून डोळे मिटले. हातात काहीतरी फिरत होतं, खालून वर येणारं, गोल. मग तिने कान उघडले, हात उचलला आणि नुसतं ऐकलं. पुन्हा कान बंद, हात दांडीवर. दोन्हींचे ठोके सेकंदाला तितकेच असतात, हे ती कागदावर मांडून दाखवू शकली असती.

तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते. उत्तर ओठांवरून वाचता यावं म्हणून थोडे पुढे झुकले होते.

"वैशू," ते म्हणाले, "खरं सांग. मला हातात जे येतं, तेच तुला कानात येतं का?"