मैत्रिणीने अडवलेला अडकित्ता

मुलुंडच्या आमच्या चाळीतून आम्ही दोघींनी एकाच दिवशी सुरक्षा दलाच्या भरतीचा फॉर्म भरला होता. मी धावण्यात मागे पडले. शेजारच्या खोलीतली माझी मैत्रीण पास झाली. ती विमानतळाच्या सुरक्षेत लागली आणि मी घाटकोपरच्या एका मॉलच्या दारात. काम म्हणाल तर सारखंच, बायकांच्या पर्स तपासायच्या. पण माझ्यापुढे बायका फोनवर बोलत पर्सची चेन अर्धवट उघडतात आणि मी डोकावायच्या आत पुढे सरकतात. तिच्यापुढे म्हणे मोठमोठ्या घरच्या बायकाही हात वर करून मुकाट उभ्या राहतात. हे तिनं कधी सांगितलं नाही. माझी आईच सांगायची, तेही नेमकी मी जेवायला बसले की.

भाऊ नोकरीसाठी दिल्लीला असतो. गेल्या वर्षी त्यानं आम्हा मायलेकींना विमानाची तिकिटं पाठवली. आईचा पहिलाच विमानप्रवास. रिक्षात ती सारखी विचारत होती, "ती असेल का गं ड्युटीवर?" नसू दे रे देवा, असं मी मनात म्हणत होते.

ती होती. सामानाच्या मशीनपाशी उभी, कडक इस्त्रीचा गणवेश, घट्ट अंबाडा. आई तिला हाक मारणार तेवढ्यात आईचीच पिशवी मशीनमधून बाजूला काढली गेली.

"ही पिशवी कुणाची?" मैत्रिणीनं विचारलं.

"माझीच की गं!" आई हसली.

"मावशी, आत धारदार काही आहे?"

आईचा पितळी अडकित्ता निघाला. सुपारीच्या डब्यासोबत तिनं तो सवयीनं टाकला होता.

"हा आत नेता येणार नाही, मावशी. मोठ्या बॅगेत टाकायचा तर मागे काउंटरवर जावं लागेल, नाहीतर इथेच सोडा."

मोठी बॅग कधीच गेली होती. मी पुढे झुकून हळूच म्हणाले, "सोड ना यार. म्हातारी सुपारी कातरते, त्यानं काय होणारे?"

"तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा," ती म्हणाली.

तुम्ही! लहानपणापासून एका नळावर भांडलो आम्ही, आणि मला तुम्ही. कान तापले माझे. पण खरं सांगू? मला अडकित्ता नकोच होता. तिनं एकदा, फक्त एकदा, नियम मोडायला हवा होता. मग घरी आईनं तिचं कौतुक सुरू केलं की मला म्हणता आलं असतं, बघितलंय मी तिचं काम.

भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी माझी आई. तिनं स्वतःच्या हातानं अडकित्ता ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "राहू दे गं. नियम तो नियम."

विमान सुटलं तेव्हा मी आईचा हात धरला. तो गार नव्हता.

"भीती नाही वाटत?"

"कशाला वाटेल? आपलं सोडलं असतं, तर मागच्याचंही सोडलंच असतं की तिनं." मग जरा थांबून, "तूही अशीच बघतेस ना गं सगळ्यांचं?"

"हो," म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

परत आल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मैत्रीण घरी आली. "रागावलीस ना?"

"छे."

"तू सूट मागशील असं वाटलं नव्हतं गं. आपल्या कामात असं चालत नाही, तुला तरी माहितीये."

आपल्या कामात. ती मनापासून म्हणाली होती, म्हणून तर जास्त लागलं.

पुढच्याच आठवड्यात मी मॉलमध्ये एका बाईला पर्स पूर्ण उघडायला लावली. तिनं आरडाओरडा केला, मॅनेजर धावत आला. तिची माफी मागून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ये एअरपोर्ट नहीं है."

मैत्रिणीला असं कुणी म्हणणार नाही. ती अडवते तेव्हा तिच्या पाठीशी सगळे उभे राहतात, माझी आईसुद्धा. त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा भरतीचा निकाल लागला तेव्हाही वाटला नव्हता.