व्हॅन वळवायची जागा

कन्हानच्या पुढे, कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्याला लागून आमची दोन खोल्यांची शाळा होती. मी शहरातल्या महाल भागातून स्कूटीने शिकवायला जायची. पट कमी म्हणून वरून फर्मान निघालं, की आमची आणि रस्त्यापलीकडच्या गावची शाळा मिळून एकच करायची. त्याला नाव दिलं 'सुविधांची देवाणघेवाण'. नावं ठेवण्यात आमच्या खात्याचा हात कोणी धरणार नाही.

गावाचं मत घ्यायला खात्याचे साहेब आले. धरमपेठेतून निघायलाच झालेला उशीर त्यांनी खड्ड्यांवर ढकलला आणि म्हणाले, "तुमची मुलं तिकडे जातील, त्यांचा प्रोजेक्टर आठवड्यातून दोन दिवस इकडे येईल." मुलं तिकडे गेल्यावर इकडे प्रोजेक्टर भिंतींना दाखवायचा का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. केंद्रप्रमुखांनी डोळे वटारले, म्हणून गिळलं.

मग उपसरपंच उठले. "साहेब, या शाळेत माहा बाप शिकला, मी शिकलो. शाळा म्हणजे गावाची माय. मायले कोणी दुसऱ्याच्या घरी धाडते का?" पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शाळेत खिचडी शिजवणारी बाई दारापाशी उभी होती. खिचडी झाली की ती दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. त्या दिवशी मजुरी बुडवून थांबली होती. तिची मुलगी आमच्याकडे तिसरीत. तो रस्ता ओलांडून तिला रोज नेणारं-आणणारं घरात कोणी नव्हतं. शाळा हलली की पोरगी घरी बसणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

उपसरपंच रंगात आले होते, तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन. गावातल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की ती वळायची फक्त आमच्या पटांगणात. त्या दिवशी तिथे सतरंजीवर सभा बसलेली. उपसरपंचांनी माईक खाली ठेवला. "दोन मिनिटं थांबा साहेब, पोराले उतरवून येतो." मग त्यांनीच सगळ्यांना उठवलं आणि व्हॅनला जागा हवी म्हणून सतरंजी गुंडाळायला लावली. टाय लावलेली मुलं उतरली, पहिल्या रांगेने आपापल्या पोरांची दप्तरं खांद्यावर घेतली. व्हॅन वळून गेली, सतरंजी पुन्हा अंथरली आणि माय पुन्हा सुरू झाली. लाज नावाची चीज त्या रांगेत औषधालाही नव्हती. मला त्या सगळ्यांची किळस आली.

साहेब काही आंधळे नव्हते. त्यांनी विचारलं, "इथल्या कोणाकोणाची मुलं या शाळेत आहेत?" पहिली रांग मोबाइलमध्ये बघू लागली. हात एकच वर झाला, खिचडीवाल्या बाईचा. बाकीचे आईबाप कामावर होते. भरदिवसा सभेला मोकळं असतं कोण?

"मग विरोध आहे तरी कोणाचा?" साहेब हसून म्हणाले.

"माहा आहे नं, साहेब," बाई म्हणाली. "माह्या पोरीले हा रस्ता कोण पार करून देते मंग?"

"बसची सोय करू," साहेब म्हणाले. शाल-श्रीफळ घेऊन ते गेले, आणि उपसरपंच त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

बस आली नाही. प्रोजेक्टर यायचा प्रश्नच नव्हता, कारण शाळेला कुलूप लागलं. मला पलीकडच्या शाळेत पाठवलं. पटावर त्या पोरीचं नाव आहे, मी रोज पुकारते.

पटांगण मात्र गावाने जपलं आहे. व्हॅन कुठे वळणार नाहीतर? फाटकाची किल्ली उपसरपंचांनी खिचडीवाल्या बाईकडे ठेवली. पण व्हॅनच्या वेळी बाई वावरात असते, म्हणून फाटक तिची मुलगी उघडते. परतताना मला ती दिसते. व्हॅन वळून बाहेर पडेपर्यंत ती फाटक धरून उभी असते.